दोन सरकारं, एक यंत्र आणि माझी घासाघीस

युरोपातल्या दोन सरकारांना एकमेकांविरुद्ध भाव पाडायला लावता येईल असं मी ठरवलं, आणि त्या नादात आमच्या संस्थेचं सूत रंगवायचं यंत्र घालवलं.

एवढं सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात ही हकिगत मी निरनिराळ्या तऱ्हांनी सांगत आलो. कधी तीत दोष आणीबाणीचा असे, कधी दिल्लीचा, कधी पोस्टाचा. पोस्टाने बिचाऱ्याने प्रत्येक पत्र वेळेवर पोचवलं होतं. पत्रं लिहिणारा मी होतो.

सोलापुरात यंत्रमागधारकांची एक सहकारी संस्था होती, तिचा मी पत्रव्यवहाराचा कारकून. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पत्र्याची लांबलचक शेड, तिला चिकटून ऑफिस, ऑफिसात चार टेबलं, त्यातलं टाइपरायटरचं माझं. संस्थेचे टॉवेल नुकतेच परदेशी जायला लागले होते, आणि इंग्रजीत पत्र लिहू शकणारा माणूस म्हणून माझी ख्याती होती. तिचं मूळही सांगून टाकतो. ऑफिसातला पंखा बंद पडला तेव्हा मी कंपनीला असं जळजळीत इंग्रजी पत्र लिहिलं की त्यांनी आठ दिवसांत नवा पंखा पाठवला. पंख्याला दोन वर्षांची हमी होतीच, पोस्टकार्ड टाकलं असतं तरी तो बदलून मिळाला असता, हे मला नंतर कळलं. मी ते कुणाला सांगितलं नाही. संस्थेच्या चेअरमनना तर मुळीच नाही.

चेअरमनना सगळे आप्पा म्हणत. शुक्रवार पेठेत घर, घरात कानडी, व्यवहारात मराठी, कपाळाला भस्म, आणि स्वतःचे चोवीस माग. इंग्रजी येत नसलं तरी माणूस हुशार. कागद हातात घेतला की ते तो वाचत नसत, माझं तोंड वाचत.

शेडच्या मागे संस्थेचं डाइंग होतं. सहा सिमेंटच्या टाक्या, त्यात कढत पाणी, रंग, आणि कॉस्टिक, हायड्रोस अशी जहाल रसायनं. दांड्यांवर सुताच्या लडी टांगायच्या, टाकीत सोडायच्या आणि हाताने फिरवत राहायचं. पक्का निळा रंग टाकीतून बाहेर येतो तेव्हा पिवळट हिरवा असतो. वारा लागला की आपल्या डोळ्यांदेखत निळा होत जातो. पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम ते दाखवायला न्यायचो, जणू वारा मीच सोडत होतो.

ते काम करणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणायचो. पन्नाशीचे, पूर्व भागात राहणारे, घरात तेलुगू आणि बाहेर अस्सल सोलापुरी मराठी बोलणारे. रंगाची मापं त्यांनी कधी कागदावर लिहिली नाहीत. लडीचं टोक चिमटीत धरून घासायचे आणि सांगायचे, अजून पाच मिनिटं. रबरी हातमोजे आणून दिले होते, पण मोजे घातले की चिमटीला सूत कळत नाही म्हणून ते खिळ्याला टांगून ठेवले होते.

मोजे टांगून ठेवल्याची किंमत हातांनी चुकती केली. मी ते हात नीट पाहिले ते जेवणाच्या सुट्टीत. बोटांच्या पेरांना आडव्या भेगा, नखं काळी-निळी, तळव्याची कातडी जुन्या चामड्यासारखी. कडक भाकरी चमच्याने दाबून मोडायचे आणि आमटीत बुडवून खायचे. मी डब्यातली शेंगाची चटणी पुढे केली तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तिखट भेगंत जातंय." सोलापूरच्या माणसाने शेंगाची चटणी सोडली म्हणजे प्रकरण किती पुढे गेलंय ते बघा. डॉक्टरांनी बजावलं होतं की वर्षाच्या आत टाकीतून हात काढा, नाहीतर बोटं मिटायची बंद होतील.

म्हणून यंत्र. बंद पोलादी पिंप, आत सूत, पंपाने रंग फिरणार, माणूस बाहेर उभा राहून झडपा फिरवणार. टॉवेलचा रंग एका धुण्यात उतरतो अशी परदेशी गिऱ्हाइकाची तक्रार होती, तीही मिटली असती. आप्पांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शब्द दिला होता: यंत्र आलं की मास्तर त्याच्यावर. टाकीत हात नाही. पगार तोच.

असलं यंत्र आपल्याकडे तेव्हा कुणी करत नव्हतं. आयात परवान्यासाठी दिल्लीला दीड वर्ष अर्ज-विनंत्या चालल्या होत्या. तो अखेर हातात आला, त्याला मुदत होती, आणि दोन देशांतल्या दोन कारखान्यांनी आम्हाला दर पाठवले. त्या देशांना मी इथे पहिला आणि दुसरा म्हणतो. नावं घेतली की अजून माझं डोकं फिरतं.

आता यातली गोम. पैसे एकदम द्यायचे नव्हते, सात वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायचे होते. सोलापूरच्या संस्थेला सात वर्षं उधार कोण देईल? तर त्या कारखान्यांच्या मागे त्यांची सरकारं उभी होती. आम्ही पैसे बुडवले तर सरकार कारखान्याला भरून देणार, असा सरकारी विमा. शिवाय व्याजातलाही काही भाग सरकार सोसणार, म्हणजे ते आम्हाला स्वस्त पडणार. आम्ही आवडलो म्हणून नव्हे. आपल्या कारखान्याचा माल खपावा, शेजारच्या देशाचा खपू नये, म्हणून.

हे मी आप्पांना समजावून सांगितलं.

"म्हणजे आपण बुडालो तर त्यांचं सरकार भरणार?"

"हो आप्पा."

"आणि विम्याचा हप्ता कुणी भरायचा?"

"तो किमतीत घातलाय. आपणच."

आप्पांनी माझं तोंड वाचून घेतलं. "म्हणजे आमच्या तिरडीचं सामान आमच्याच पैशानं, आणि ते पण आधीच आणून ठेवायचं."

त्या विम्यासाठी दोन्हीकडून प्रश्नावली आली होती. संस्था किती जुनी, सभासद किती, आजवर कुणाचे पैसे थकवले का, तुमच्या देशात दंगे होतात का, तुमचं सरकार परकीय चलन बाहेर जाऊ देईल का. मी सगळं सभ्यपणे भरलं. दंग्यांच्या रकान्यात "क्वचित" असं लिहिलं. लग्नाच्या बाजारातली मुलगी जशी चालून दाखवते तशी आमची संस्था मी दोन परक्या सरकारांसमोर चालवून दाखवत होतो. तेव्हा मला त्याचा राग आला नाही. मला वाटलं, आपलं इंग्रजी वाचायला तिकडे मंत्री बसलेत.

आप्पा म्हणाले, "दुसऱ्या देशाचा दर बरा दिसतोय. सही करून टाकू."

आणि इथे मी तोंड उघडलं.

आमच्याकडे कापडाच्या दुकानात पहिल्या भावाला कुणी हो म्हणत नाही. भाव ऐकायचा, हसायचं, उठायचं, चपला घालायच्या आणि चालू लागायचं. दुकानदार तुम्हाला तीन दुकानं पुढे जाऊ देतो. मग हाक मारतो. हाक आली की समजायचं, आता खरा भाव. सगळं शहर असंच वागतं, त्यात गैर काही नाही. मी आप्पांना म्हटलं, ही दोन सरकारं म्हणजे समोरासमोरची दोन दुकानं आहेत. पहिल्याचा कागद दुसऱ्याला दाखवू, दुसऱ्याचा पहिल्याला, आणि चालू लागू. दोघंही हाका मारत मागे येतात की नाही बघा.

हा सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा अनुभव असा होता की त्याला आयुष्यात कुठल्याही दुकानदाराने हाक मारलेली नव्हती. एकदा छत्री घ्यायला गेलो, चपला घातल्या, चालू लागलो, तो थेट घरी पोचलो. आप्पांना हे ठाऊक नव्हतं.

"किती दिवस?" आप्पांनी विचारलं.

"चार महिने धरा."

"आमच्या मागाचं काय, तो थांबू शकतो. मास्तरला विचारा. हात त्याचे आहेत."

एका रविवारी सकाळी सायकल काढून मी पूर्व भागात मास्तरांच्या घरी गेलो. एक खोली, पुढे ओटा, ओट्यावर त्यांची बायको सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळत बसलेली. बोटं इतकी भराभर चालत होती की बघणाऱ्याने दमावं. तिला मराठी समजे, पण ती बोलत नसे. मी चहा घेतला आणि मास्तरांना दुकानं, चपला, हाका, सगळं सांगितलं. व्याज उतरलं की संस्थेचं किती वाचेल तेही. म्हटलं, चार महिने फक्त थांबा.

मास्तरांनी तळवे उलटे करून बघितले. "चार म्हयने का? तुमी म्हनता तर थांबतो की."

बायको विडी वळता वळता तेलुगूत काहीतरी बोलली. मास्तरांनी हात झटकला. मी विचारलं, काय म्हणाल्या. "काय न्हाय. साखर आनखी हवी का इचारती." साखर पुरेशी होती. मी तसं सांगितलं. ती माझ्याकडे बघून पुन्हा विडीकडे वळली. त्या बघण्यात साखरेचा विषय नव्हता, एवढं मलाही कळलं, पण मी समजून घेतलं नाही.

मग मी पत्रं लिहिली. अशी पत्रं की पंख्याचं पत्र त्यापुढे पोरखेळ. पहिल्या देशाच्या कारखान्याला लिहिलं की आपल्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, परंतु सोबतची प्रत पाहावी. दुसऱ्याला लिहिलं की आपल्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, परंतु सोबतची प्रत पाहावी. दोन्ही प्रती पूर्ण. व्याज, मुदत, आगाऊ रक्कम, सरकारी विम्याची अट, सगळं. एकही आकडा झाकला नाही.

आणि काय सांगू, चाललं की ते. सहा आठवड्यांत दुसऱ्या देशाचं उत्तर आलं. व्याज अर्धा टक्का कमी, आगाऊ रक्कम दहाची पाच टक्के. आपल्या सरकारशी खास बोलून हे मिळवलं आहे, कृपया लवकर कळवावं.

त्या दिवशी आप्पांनी ऑफिसात पेढे मागवले. मागधारक येऊन माझ्या टेबलाशी उभे राहात आणि टाइपरायटरकडे आदराने बघत. आप्पा म्हणाले, "चला, आता सही."

मी म्हटलं, "आप्पा, एकच फेरी आणखी. पहिल्याचं उत्तर येऊ द्या."

आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पाच टक्क्यांची सोय संस्थेकडे होती. कागद टेबलावर होता. पेनमध्ये शाई होती.

वर त्याच आठवड्यात इंग्रजी पेपरात आतल्या पानावर एक चिमुकली बातमी होती. निर्यातीसाठी सरकारं जी उधारी आणि विमा देतात त्यात फार चढाओढ माजली आहे, तिला शिस्त लावण्यासाठी श्रीमंत देश पॅरिसमध्ये बोलणी करत आहेत. मी ती कापून आप्पांना वाचून दाखवली. म्हटलं, बघा, मोठे देश एकत्र बसून नियम करतायत. नियम कशाला करतात? आपल्यासारख्याला लुबाडू नये म्हणूनच ना. आता दर आणखी सरळ येणार.

हे मी मनापासून बोललो होतो. शाळेत ज्याने परीक्षेच्या दिवशी "शिस्त" या विषयावर निबंध लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले त्याला पुढे असलंच काहीतरी वाटणार. शिस्त म्हटलं की ती दुबळ्याच्या सोयीसाठी असते असं मी धरून चाललो. देशात आणीबाणी होती, भिंतीभिंतीवर शिस्तीच्या पाट्या होत्या, तरी मला शंका आली नाही.

मग बरेच दिवस काहीच आलं नाही. चार महिन्यांचे सहा झाले. मास्तर मला दिसले की मीच आधी म्हणायचो, "येतंय मास्तर, येतंय." ते मान हलवायचे. डाव्या हाताची दोन बोटं आता पूर्ण मिटत नव्हती. दांडा ते मनगटाने उचलायला लागले होते.

आणि एका आठवड्यात दोन्ही पत्रं आली. पहिल्या देशाचं सोमवारी, दुसऱ्याचं गुरुवारी. सोमवारचं पत्र वाचून मला वाटलं, ठीक आहे, या दुकानाचा भाव चढला, दुसरं आहे. गुरुवारचं उघडलं आणि मी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. व्याज तेच, शेवटच्या पाव टक्क्यापर्यंत. मुदत तीच. आणि आगाऊ रक्कम दोन्हीकडे पंधरा टक्के, रोख, माल सुटण्याच्या आधी. कारणाचं वाक्यसुद्धा जवळपास तेच होतं: आमच्या सरकारने इतर सरकारांशी केलेल्या समझोत्यामुळे याहून चांगल्या अटी देणं आम्हाला शक्य नाही.

समोरासमोरची दोन दुकानं, आणि मागच्या बाजूला एकच बैठक.

मी आप्पांना दाखवलं. आप्पांना राग आला की ते कानडीत बोलत. त्या दिवशी ते बराच वेळ कानडीत बोलले. शेवटचं तेवढं मराठीत होतं: "जा मुंबईला. बँकेत विचारून या. हे काय आहे ते मला समजलं पाहिजे."

मुंबईच्या बँकेत परदेशी व्यवहार बघणारे एक अधिकारी होते, आमची गॅरंटीची फाइल त्यांच्याकडे होती. सोलापूरहून आलोय म्हटल्यावर त्यांनी पंखा वाढवला आणि शांतपणे सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या शांतपणाचा मला इतका राग आला की मी त्यांचा चहा प्यालो नाही.

ते म्हणाले, "बघा, ही सरकारं एकमेकांच्या वर चढून स्वस्त उधारी देत होती. तोटा कुणाचा? त्यांच्याच करदात्यांचा. तेव्हा त्यांनी ठरवलं, अमक्याहून कमी व्याज नाही, तमक्याहून जास्त मुदत नाही, आणि पंधरा टक्के आधी घेतल्याशिवाय कुणी सरकारी पाठिंबा द्यायचा नाही. तह नाही तो, कायदाही नाही. सभ्य माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द म्हणा."

"आम्हाला कुणी विचारलं?"

"तुम्हाला का विचारतील? तुम्ही उधार घेणारे."

"आमच्याकडे सुताच्या व्यापाऱ्यांनी एका सकाळी सगळ्यांनी मिळून भाव चढवला तर आम्ही मोर्चा काढतो. कलेक्टर बोलावून घेतात. त्याला साटंलोटं म्हणतात."

"बरोबर आहे."

"मग हे काय आहे?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. "तुमच्यासाठी वेगळा रकाना केलाय हो त्यांनी. देशांचे तीन गट केलेत. श्रीमंत, मधले आणि गरीब. आपण गरिबांत. गरिबांना व्याज थोडं कमी, मुदत थोडी जास्त. तसा आपला फायदाच आहे."

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. पॅरिसमध्ये कुठेतरी सुती टेबलक्लॉथवर (तो आमच्या सोलापूरचाही असेल) कोपरं टेकून काही माणसांनी सगळ्या जगाला तीन खणांत घातलं, आणि खालच्या खणात आम्हाला ठेवून वर म्हणाले, बघा, तुमची सोय केली. हॉटेलात टॉवेल हवा तो आमचाच, रंग उतरला तर ओरडा आमच्यावर, रंग उतरू नये म्हणून यंत्र हवं तर त्याची अट तुम्ही आपसात ठरवणार, आमच्या बुडण्याचा विमा तुम्ही काढणार आणि त्याचा हप्ता आम्ही भरणार. आणि याचं नाव सभ्यता. आमच्या टॉवेलला भाव देताना मात्र तुमचे व्यापारी आम्हाला आणि शेजारच्या गावाला एकमेकांवर घालतात, तेव्हा ही सभ्य माणसं कुठे जेवायला जातात? आम्ही सगळे टॉवेलवाले एका टेबलाशी बसून किमान भाव ठरवला तर चालेल का त्यांना?

यातलं बरंचसं मी त्यांना ऐकवलं, उभा राहून, आवाज चढवून. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. अधिकारी बसूनच राहिले. माझं संपल्यावर त्यांनी आमची फाइल चाळली, मधला एक कागद काढला आणि विचारलं, "हा पाच टक्क्यांचा दर आला तेव्हा तुम्ही सही का केली नाही?"

मी न प्यालेल्या चहाचा कप बाजूला सरकवला.

"आधी झालेले करार त्यांनी तसेच ठेवलेत. तेव्हा सही केली असती तर आज तुम्हाला हीच पाच टक्क्यांची अट लागू असती. आणि अहो, या दोघांना तुम्ही एकमेकांचे कागद पाठवलेत?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

ते पहिल्यांदा हसले. वाईट हसले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, "त्या बैठकीत कोण किती स्वस्त देतंय याचे पुरावे मांडले जात होते म्हणे. तुमची पत्रं तिथे पोचली असतील असं मी म्हणत नाही. पण पुरावे गोळा करायचा त्रास तुम्ही त्यांना दिला नाहीत, एवढं नक्की."

तेव्हापासून मी लोकांना सांगत आलो की पॅरिसच्या त्या कराराला माझ्याही पत्राचा हातभार लागला असणार. लोक हसतात. मीही हसतो. पण घरी येऊन त्या हसण्याचं काय करायचं ते समजत नाही.

परत आल्यावर संस्थेची सभा झाली. पंधरा टक्के रोख, तेही परकीय चलनात, संस्थेच्या आवाक्यात नव्हते. सरकारी भागभांडवल मंजूर झालं होतं ते फार तर दहा टक्क्यांच्या हिशेबाने. नवा प्रस्ताव करायचा तर पुन्हा पुणे, मुंबई, दिल्ली, आणि परवान्याची मुदत तीन महिन्यांत संपत होती. सभेत मी उठलो आणि श्रीमंत देशांविरुद्ध भाषण केलं. बँकेतलंच भाषण, थोडं पॉलिश केलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की टाळ्या वाजवणाऱ्यांत मास्तर नाहीत, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ते मागच्या भिंतीला टेकून उभे होते. टाळी वाजवण्याजोगे त्यांचे हात राहिले नव्हते, हे कारण असू शकतं. दुसरंही असू शकतं.

सभा संपल्यावर आप्पा मला एवढंच म्हणाले, "तुम्ही बोलता चांगलं. नुकसानीनंतर तर फारच चांगलं बोलता."

परवाना संपला. टाक्या राहिल्या. मास्तरांनी आणखी काही महिने काढले, मग एके दिवशी दांडा हातातून सुटून लडी तळाला गेली, ती काढायला त्यांनी हात घातला आणि बोटांनी पकडच घेतली नाही. आप्पांनी त्यांना गेटवर बसवलं, शब्द दिला होता तसा पगार तोच ठेवला. तिथे ते सायकलींना नंबराच्या चिठ्ठ्या लावायचे. आत टाकीवर नवीन लोक आले, त्यांचा निळा प्रत्येक आठवड्याला निराळा. मास्तर गेटवरून वाळत घातलेल्या लडी बघायचे आणि मान दुसरीकडे फिरवायचे.

माझा राग मात्र वाढत चालला होता, आणि राग आला की मी काय करतो ते आता तुम्हाला माहीत आहे. मी पत्र लिहिलं. पॅरिसला, त्या बैठकीच्या नावाने, चार पानं, टाइप करून. त्यात मास्तरांच्या हातांचं वर्णन होतं, तीन खणांचं होतं, विम्याच्या हप्त्याचं होतं, शेवटी एक असा परिच्छेद होता की तो टाइप करताना माझे डोळे भरून आले. पाठवण्याआधी मास्तरांना वाचून दाखवावं असं वाटलं. हात त्यांचे होते, परवानगी घ्यायला हवी, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला टाळ्या हव्या होत्या, त्यांच्या.

पुन्हा रविवारची सकाळ, पुन्हा तोच ओटा. बायको विड्या वळत होती. मास्तरांनी सतरंजी टाकली, मी बसलो आणि वाचायला लागलो. इंग्रजी एक वाक्य, मग त्याचं मराठी. पहिलं पान, दुसरं पान. मास्तर मांडीवर हात पालथे ठेवून ऐकत होते. तिसरं पान. चौथं संपलं. मी कागद खाली ठेवला आणि वाट बघू लागलो.

मास्तर म्हणाले, "लई मोटं हाय की."

"धाडू ना?"

"धाडा. पोचंल का तितं?"

"पोचेल. त्यांना कळू दे तरी, त्यांच्यामुळे हितं काय झालं."

बायकोची बोटं थांबली. सूप बाजूला सरकवून ती मास्तरांशी तेलुगूत बोलली, दोनच वाक्यं, माझ्याकडे न बघता. मास्तर रस्त्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "काय म्हणाल्या?"

"काय न्हाय."

"मास्तर, साखरेचं सांगू नका. काय म्हणाल्या ते सांगा."

त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ती म्हनती, पॅरिसवाले काय आमच्या दारात येऊन थांबा म्हनले न्हवते. तुमी आलता."